पेवातली हवा

कृष्णाकाठच्या एका गावात धुळाप्पा नावाचा म्हातारा राहत असे. ज्वारी पेवात साठवायचे दिवस होते ते. पेव म्हणजे जमिनीखालची खोल कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं. पेव उघडायचं झालं की धुळाप्पाला बोलावणं जाई. तो तोंडावरची शिळा काढायला लावी आणि पेटता कंदील आत सोडी. कंदील विझला, तर पेव दुसऱ्या दिवसापर्यंत उघडंच राही. तोवर माणसं काठावर बसून शेंगा खात, गप्पा मारत. कुणालाच घाई नसे.

एकदा शिदगोंडा पैलवानाच्या घरी लग्न निघालं. ज्वारी काढायला पेव उघडलं. धुळाप्पाने कंदील सोडला, तो विझला.

"आज नाही, उद्या," धुळाप्पा म्हणाला.

शिदगोंडाने छाती ठोकली. "कंदिलात दम नसेल, माझ्यात आहे. रोज हजार जोर मारतो मी!"

"मग कमरेला दोर तरी बांध, लेकरा."

म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून शिदगोंडाने हसत दोर बांधून घेतला आणि खाली उतरला. चार श्वासांत त्याचा आवाज बंद झाला. त्याचा धाकटा भाऊ उडी टाकायला धावला. धुळाप्पाने त्याचं मनगट धरलं. "एकाचे दोन करू नका! दोर ओढा!"

शिदगोंडाला वर काढलं. मोकळ्या हवेत बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

त्याला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात. त्यांना लगटून रक्त वाहतं. ते आपली खराब हवा तिथं सोडतं आणि ताजी घेतं. पण बंद पेवात धान्यानंही श्वास घेऊन तीच खराब हवा भरून ठेवली होती. ताजी हवाच नाही, तर रक्त घेणार काय? छाती केवढी का असेना!"

संध्याकाळी शिदगोंडा धुळाप्पाच्या पाया पडला. "आजोबा, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

 म्हातारा म्हणाला, "तुझ्या वयात मीही असाच उतरलो होतो. मला काढायला माझा धाकटा भाऊ सातू उतरला. त्यानं मला वर ढकललं. तो मात्र वर आला नाही."

आता ती पेवं बुजली. काठावर बसून वाट पाहणारी ती माणसंही गेली.

तात्पर्य: अंगातल्या बळाचा गर्व करू नये, ज्याने सोसलं आहे त्याचा शब्द ऐकावा आणि थोडा धीर धरावा.