ठकू सुईणीचा अर्धा नारळ

फार वर्षांपूर्वी, तिवरेखोल गावाला रस्ता नव्हता आणि दवाखान्याचं तर नावच सोडा, तेव्हा तिथे ठकू नावाची सुईण होती. तिच्या हाताला असं यश होतं, की ती उंबऱ्यात आली की अडलेली बाई निम्मी सुटायची, असं म्हणतात. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. कुणी भांडायला आला तर ती ठणकावायची, "तुला या जगात आणला कुणी? मीच ना? मग गप बस!" आणि तो बापडा गप बसायचा.

मग खाडीपलीकडून सगुणा लग्न होऊन आली. वयानं लहान, बोलायला मऊ, आणि आईकडून सुईणपण शिकलेली. पहिल्यांदा लोकांनी तिला बोलावलं ते ठकू दुसऱ्या वाडीत अडकली होती म्हणून. दुसऱ्यांदा बोलावलं ते ठकू घरात रिकामी बसलेली असताना. झालं! ठकूच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

"नशीब हो तिचं," ती म्हणायची, "सोपी बाळंतपणं तिच्या वाट्याला, अडलेली माझ्या." पाणवठ्यावर सगुणा दिसली की ही अर्धी भरलेली घागर उचलून चालू लागायची. एखादीनं सगुणाच्या हलक्या हाताचं कौतुक केलं की हिचं तोंड कडू. मनातून तर ती वाट बघायची, की कधीतरी त्या सगुणाचा हात चुकावा. मग स्वतःच दचकायची. सुईणीचा हात चुकला की काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण मत्सर कुठे कुणाचं ऐकतो!

त्यातच वाईट वरीस आलं. तापाची साथ घराघरांत शिरली. ठकूचा नवरा गेला. राहिली एकुलती एक लेक आवडी, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला कळा सुरू झाल्या आणि ठकूच्या लक्षात आलं, मूल आडवं आहे. अशी कितीतरी मुलं तिनं फिरवली होती. पण लेकीच्या पोटावर हात ठेवल्यावर तिला जोर लावायचा धीर होईना. दुसरा दिवस कलला, आवडीचा आवाज बसला.

शेजारणी म्हणाल्या, "ठकूबाय, सगुणाला हाक मारू का?"

"माझी लेक आहे! तिचा हात लागायचा नाही!" ठकू ओरडली, आणि नारळ घेऊन तडक गावदेवी पाणजाईच्या देवळात गेली.

साथीच्या त्या दिवसांत सगळा गाव पाणजाईच्याच आसऱ्याला होता. जानू गुरवानं नारळ फोडला आणि कौल लावला, म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही.

"लेक माझ्या हातून सुटेल?" डावी पडली.

"दुसऱ्या गावची सुईण आणू?" डावी.

"बोकड देईन, मग सोडवशील?" पुन्हा डावी.

जानू म्हातारा माणूस, त्याला गावातली सगळी दुखणी माहीत. तो हळूच म्हणाला, "ज्या दाराला जायचं नाही, त्याच दाराचं विचार की गो."

ठकूनं ओठ घट्ट मिटले. पाकळ्याही हलेनात. ना उजवी, ना डावी.

मग मात्र तिचा बांध फुटला. देवीच्या पायांवर कपाळ टेकून ती म्हणाली, "आई, मला तिचा हेवा वाटतो गो! तिचा हात माझ्याहून हलका आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तिच्या हातून एखादं पोर दगावावं असं मी मनात आणलंय, मी सुईण असून! माझी लेक मरतेय आणि माझे पाय तिच्या दाराकडे वळत नाहीत. हे तोंड घेऊन मी कुणाकडे जाऊ? तूच मला पोटाशी घे."

असं म्हणतात, की तेव्हा दोन्ही खांद्यांवरच्या सगळ्या पाकळ्या एकदम सुटल्या आणि ठकूच्या पाठीवर पडल्या, आईनं हात फिरवावा तशा. इतकं वाईट ऐकूनही देवीनं आपल्याला हाकललं नाही, एवढ्यानंच ठकूच्या अंगात बळ आलं. नारळाची अर्धी वाटी हातात, तशीच ती सगुणाच्या दारात धावली. दारातच तिनं नारळ पुढे केला.

सगुणानं तो घेतला, चुलीपाशी ठेवला आणि पदर खोचला. शेजारणींकडून तिला सगळं कळलंच होतं. "मूल आडवं आहे ना? मग तुमचा हात वरून, माझा आतून. एकटीचं काम नाही ते."

सूर्य बुडायच्या आत आवडीला मुलगी झाली. तिच्या मुठीत ओली पाकळी होती, असं म्हणतात. आता मुठीत पाकळी कशी येईल, असं शहाण्यांनी विचारू नये. विचारायचंच तर पाणजाईला विचारावं.

ठकू काही त्या दिवसापासून साध्वी झाली नाही हं! पुढेही सगुणाचं कौतुक ऐकलं की पोटात दुखायचंच. पण मग ती देवळात जायची, देवीला सगळं सांगायची, आणि अर्धा नारळ सगुणाकडे पोचता करायची. सगुणाला जन्मभर नारळ विकत घ्यावा लागला नाही, असं लोक हसून सांगतात.

म्हातारपणी ठकूनं अंथरूण धरलं. एका सकाळी सगुणा अर्धा नारळ घेऊन तिच्या उशाशी आली. ठकूला नवल वाटलं. "माझा हेवा? माझ्यापाशी काय आहे गो?"

सगुणाची कूस कधी उजवली नव्हती. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही लेकीसाठी रडलात. मला रडायलासुद्धा कुणी नव्हतं."

ठकूनं तिला जवळ ओढलं. दोघींनी मिळून ते खोबरं खाल्लं.

आजही तिवरेखोलात कौल लावण्याआधी गुरव म्हणतो, "ठकूची आण आहे, कुणाचा हेवा असेल तर आधी देवीला सांग." मग अर्धा नारळ त्या घरी जातो. ज्याच्या दारात येतो त्यानं कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही, खोबरं आमटीत घालून सगळ्यांनी खायचं. आणि ज्या घरी वर्षभर एकही नारळ आला नाही, त्या घराचा कुणालाच हेवा वाटला नाही, म्हणजे तिथे फार दुःख असणार, असं समजून शिमग्याला सगळा गाव त्या दारात जाऊन बसतो.