पाटलांच्या दारातला रांजण

नरसूबुवा महाराज खडकवळणात येऊन राहिले, त्यात आपला फायदा किती आणि खोट किती, हा हिशोब तुळाजीराव पाटलांनी पहिल्याच दिवशी मनात मांडला. साधूच्या निमित्ताने चार माणसं गावात येतील, ती जमेची बाजू. पण महाराज भजनाला नेमके गुत्त्याच्या वेळेला बसत. गुत्ता पाटलांच्या जागेत. माणूस गुत्त्यावर गेला की घरी भांडे, भांडला की चावडीवर येई, आणि चावडीवर मान खाली घातलेला माणूस पुढे पाटलांच्या शेतावर दोन दिवस फुकट राबे. असा हा छान फिरता रहाट होता. त्यात महाराजांनी बोट घातलं!

बरं, महाराजांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, शपथा घातल्या नाहीत. त्यांनी भक्तांना एवढंच सांगितलं, "शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, की उंबऱ्याशी जायचं आणि पाणी मागायचं."

"आणि समजावायचं काय, महाराज?" कोंडिबा सुताराने विचारलं.

"काही नाही. ओंजळ पुढे करायची. सावकाश प्यायचं. संपलं की अजून मागायचं. अरे, ओंजळीत पाणी घालायला तांब्या उजव्या हातात घ्यावा लागतो ना? काठी पण त्याच हातात असते. एक ठेवल्याशिवाय दुसरं उचलता येत नाही. आणि आपल्या मुलखात तहानेल्याला कुणी हाकलत नाही. प्यालेला माणूससुद्धा नाही."

महाराजांचा हा शब्द सगळ्यांत आधी उचलला येसू परटिणीने. तिचा नवरा दारूपायीच गेला होता. तो मारत असे तेव्हा सारी आळी दारं लावून घेई. ते तिच्या मनात राहिलं होतं. आता आरडाओरडा झाला की ती धुणं टाकून धावे. तिच्यामागून कोंडिबा, मग आणखी दोघं-चौघं. भांडखोर गडी एकेकाला पाणी पाजता पाजता दमून जाई. सकाळी हीच मंडळी त्याला भाकरी खायला महाराजांच्या मठात घेऊन जात. वर्षभरात चावडी ओस पडली. गुत्तेवाला जांभया देऊ लागला.

पाटील येसूला भररस्त्यात विचारत, "काय गं येसू, आज किती घरचं पाणी प्यालीस? नदीवर धुणं धुतेस, तिथं तहान भागत नाही वाटतं!" भोवतालचे हसत. येसू पदर सावरून म्हणे, "भागती की, पाटील. पर मान्साच्या हातचं पानी गोड लागतं." आणि चालू लागे.

पाटलांच्या घरातही आवाज होऊ लागले होते. मुलगा रंगराव बापाच्याच गुत्त्यावर बसू लागला होता. आज ना उद्या ही परटीण आपल्या उंबऱ्याशी ओंजळ घेऊन उभी राहणार, आणि मग सगळ्या गावाला कळणार! पाटलांनी मोठी शक्कल काढली. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली भला थोरला रांजण पुरला. वर पाणी काढायला लांब दांड्याचं पितळी ओगराळं टांगलं. आणि दवंडी पिटवली, "ज्याला तहान लागेल त्याने इथे प्यावं. पाण्यासाठी कुणी पाटलांचं दार वाजवू नये." लोक म्हणाले, काय दानत! महाराज तेवढे त्या रांजणात वाकून बघून गेले.

पोळा आला. पाटलांच्या बैलांचा मान पहिला. रंगराव सकाळपासून प्यालेला. तोरणाखाली त्याच्या हातून कासरा सुटला आणि बैल गर्दीत घुसले. सारं गाव हसलं. उन्हं कलताना तो घरी आला, तेव्हा सून सुगंधा बैलांना पुरणपोळी चारत होती. ती हळूच म्हणाली, "बैलांची काय चूक? ते शुद्धीवर होते."

रंगरावाने कुडाला खोचलेला कोयता ओढला.

सुगंधा भिंतीशी गेली. मागे सरकायला जागा उरली नाही. पाटील ओसरीवर उभे होते. "रंग्या!" ते ओरडले. रंग्याने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. फाटकाशी माणसं जमली. कोंडिबा होता, त्याचा भाऊ होता. पण कुणी आत येईना. पाटलांना कळेना, हे थांबले कशाला? मग त्यांची नजर रांजणावर गेली. सकाळीच त्यांनी तो सणासाठी काठोकाठ भरून घेतला होता. मागायचं निमित्तच त्यांनी बाहेर पुरून ठेवलं होतं.

एक शब्द पुरला असता. नुसतं "या" म्हणायचं. शब्द पाटलांच्या घशापर्यंत आला. सारं गाव बघतंय, ही जाणीवही त्याच्यासोबतच वर आली, आणि पाटलांनी तो शब्द गिळला. सुनेचा जीव एका बाजूला आणि आपली अब्रू दुसऱ्या बाजूला असा काटा धरला होता, आणि तो अब्रूकडे झुकला. हे दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. पाटलांना दिसलं.

इतक्यात येसू गर्दीतून पुढे आली. तिने ओगराळं रांजणात सोडलं. खण्णकन आवाज झाला. रांजण तळापर्यंत कोरडा होता!

"अगं बाई, ठणठणीत कोरडा की!" येसू म्हणाली आणि फाटक ढकलून थेट आत आली. कोयता वर गेला होता. तिने मध्ये शिरून ओंजळ पुढे केली. "रंगू, बाळा, पानी दे. लई तहान लागली."

कोयता खाली आला तो तिच्या उजव्या मनगटावरच. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले, तर मनगटावरचं हिरवं गोंदण जसंच्या तसं होतं. ओरखडासुद्धा नव्हता. ओंजळ तशीच पुढे होती.

रंगराव त्या हाताकडे बघत राहिला. कोयता गळून पडला. त्याने जवळचा तांब्या उचलला आणि धार धरली. येसू प्याली. म्हणाली, "अजून." पुढे पाणी कुठलं आणि रंगरावाचं रडणं कुठलं, ते समजेना. आता कोंडिबाही आत आला, त्याच्यामागे बाकीचे.

"मठात चला," येसू म्हणाली. सगळे निघाले. पाटील सर्वांच्या मागे होते, पागोटं काखेत होतं.

महाराज मठाच्या पायरीवर बसले होते. अंगरखा छातीपासून चिंब ओला होता. उजव्या मनगटाला पंचा गुंडाळलेला, आणि तो लाल होत चालला होता. पाटलांना बघून महाराज हसले.

"या, पाटील. तुमच्या रांजणाचं पाणी गोड आहे हो. जरा जास्तच होतं, पण संपवलं."

येसूने त्यांचं मनगट पाहिलं, मग आपलं पाहिलं. आणि तोंडात पदर घालून मटकन खाली बसली.

पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोकं टेकवलं. "महाराज, घाव माझ्या घरचा होता."

"तुमच्या घरचा माझा नाही होय?" महाराज म्हणाले. "उठा. आधी तिच्या पाया पडा."

पाटील येसूकडे वळले. भररस्त्यात जिला हसण्याचा विषय केलं होतं, तिच्यासमोर गावाच्या देखत वाकले. येसू संकोचून मागे सरली. सुगंधा मात्र सरली नाही. डोळे कोरडे ठेवून ती म्हणाली, "मामंजी, मघाशी तुम्ही ओसरीवरच होता."

पाटलांनी मान वर केली नाही. महाराजांनीही त्यांना सोडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुत्ता बंद झाला. रांजण उकरून उंबऱ्याच्या आत आणला, आणि फाटक काढून टाकलं. पण महाराजांचा उजवा हात पुन्हा मिटला नाही. त्यांना चिपळी धरता येईना, तांब्या उचलता येईना. रोज भजनानंतर ते डावा हात पुढे करून म्हणत, "पाटील, पाणी द्या." आणि तुळाजीराव धार धरत. स्वतःच्या मरणापर्यंत त्यांनी ती धरली.

गुत्ता पाटलांचा. दारू प्याला त्यांचा मुलगा. कोयता त्यांच्या कुडाचा, मौन त्यांच्या तोंडचं. आणि हात गेला महाराजांचा.