शेवटवाडीचा येसबा आणि चालता डोंगर

कोरवंड नावाचं एक राज्य होतं. ते जिथं संपतं तिथं शेवटवाडी होती, आणि त्या शेवटवाडीत एक भोळा माणूस होता. नाव येसबा. सांगितलेलं सगळं ऐकायचा. त्याची अडचण तीच होती.

त्या मुलखात डोंगर चालतात. आपल्याकडचे बसलेत. तिकडचे अजून जागा शोधतायत. रवंथ करणाऱ्या बैलासारखे हळूहळू येतात, आणि आवडली जागा की बसतात. खाली काय आहे ते बघत नाहीत.

त्या वर्षी ढोण्या नावाचा डोंगर शेवटवाडीकडे तोंड करून निघाला. सोबत सावली आली. गावाचा रिवाज असा, की डोंगराची सावली पहिल्यांदा ज्या घरावर पडेल त्या घरच्यानं राणीकडे जायचं आणि डोंगर फिरवायचं शिंग आणायचं.

सावली पडली येसबाच्या घरावर.

पाटलांनी कपाळाला हात लावला. "अरे, जरा नीट बघा. शेजारच्या गोठ्यावर असेल."

"गोठ्यात म्हैस आहे, पाटील," लोक म्हणाले.

"मग म्हैस पाठवू."

पण रिवाज तो रिवाज. येसबाची आई, गोजराबाई, कमरेला पदर खोचून पुढं आली. "माझा येसबा जाईल. शहाणे काय दिवे लावतात ते बघितलंय मी." मग येसबाकडे वळली. "हे बघ, शिंग वेळेत आलं नाही तर गाव डोंगराखाली जाईल. आपलं घर सगळ्यात आधी. वाटेत कोणी काही शिकवलं तर लक्षात ठेव."

"ठेवतो," येसबा म्हणाला. आणि निघाला.

पहिलं लागलं धुक्याचं रान. तिथं स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. येसबा गुमान चालला होता. समोरून रानाचा राखणदार डोक्यावर मधाचा हंडा घेऊन येत होता. तो गुमान नव्हता, गाणं म्हणत होता, पण येसबाला वाटलं गाणं लांबचं आहे.

दोघे धडकले. हंडा दोघांवर पालथा झाला.

"कोण मेलं ते?" राखणदार ओरडला.

"मी."

"मी कोण? अरे, तोंड कशाला दिलंय? येताना ओरडत यावं! मी कोण, कुठला, कोणाचा, कशाला आलो, सगळं खणखणीत! समोरच्याला कळायला नको?"

"बरोबर आहे," येसबा म्हणाला. मध चाटत पुढं गेला.

पुढं आरसनगर. सगळं गाव काचेचं. घरं काचेची, रस्ते काचेचे, चिंचेच्या झाडाला चिंचासुद्धा काचेच्या. येसबा वेशीत उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला.

"मी येसबा!"

वेशीची कमान तडकली.

"शेवटवाडीचा!"

बाजारातली छपरं खाली आली.

"गोजराबाईचा मुलगा! डोंगर येतोय! राणीकडे चाललोय!"

उरलेलं गाव पडलं. चिंचा सगळ्यात शेवटी पडल्या, एकेक करून. त्यांच्या आवाजानं एक कोनाडा शिल्लक होता तोही गेला.

ढिगाऱ्यातून एक कासारीण बाहेर आली. तिच्या हातात एकच बांगडी उरली होती. तिनं ती पण आपटली.

"काय रे मेल्या? बोलतात का इथं? चपलेचा आवाजसुद्धा चालत नाही आम्हाला! चपला काढायच्या, हातात धरायच्या, तोंड मिटायचं, आणि काय सांगायचं ते खुणेनं सांगायचं! कळलं?"

येसबानं मान हलवली. खुणेनंच. चपला काढल्या, हातात धरल्या आणि काचांवरून उड्या मारत गेला. "इथं" हा शब्द तेवढा मागं राहिला.

राणीचं शहर कासवाच्या पाठीवर होतं. कासव म्हातारं. कूस बदलायची सवय. येसबा दरवाज्याशी पोचायचा आणि दरवाजा पलीकडे जायचा. शेवटी तो एका जागी उभा राहिला. दरवाजा फिरून त्याच्याकडे आला. हे शहाणपण त्याचं नाही. तो दमला होता.

दरबार भरला होता. राणी उंच सिंहासनावर. शेजारी लठ्ठ प्रधान.

"काय काम काढलंस?" राणीनं विचारलं.

येसबानं दोन्ही हातांतल्या चपला वर उचलल्या आणि राणीला दाखवल्या.

शिपायांचे हात तलवारींवर गेले.

येसबानं चपला डोक्याच्या दोन बाजूंना उभ्या धरल्या. ती डोंगराची शिखरं. गाल फुगवले. तो डोंगराचा फुगीर भाग. मग पाय आपटत राणीकडे निघाला.

"धरा त्याला," प्रधान म्हणाले.

"थांबा," राणी म्हणाली. "ए, तुला बोलता येत नाही का?"

येसबानं मान हलवली. येतं.

"मग बोल की."

येसबानं मान हलवली. नाही.

"का?"

येसबानं चपला दाखवल्या.

राणी लाल झाली. येसबाला वाटलं, खूण नीट समजली नाही. डोंगर गावावर कसा बसतो ते दाखवायचं राहिलं होतं. गाव म्हणून काहीतरी हवं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. प्रधान बसायला बरे होते. तो त्यांच्या मांडीवर बसला. मग जरा मागं सरकून पोटावर बसला.

"राणीसाहेब," प्रधान खालून म्हणाले, "हा बसला."

"कोण बसला?"

"हा. हळूहळू आला आणि बसला. मला हलता येईना."

राणी एकदम उभी राहिली. तिचं माहेर डोंगरांकडचं. "अगं बाई! डोंगर येतोय का रे तुमच्यावर?"

येसबानं टाळ्या वाजवल्या. चपलांनी.

राणीनं शिंग मागवलं. "हे घे. डोंगराकडे तोंड करून फुंक. त्यांना कर्कश आवाज सोसत नाही, पाठ फिरवून चालू लागतात. आणि एक ऐक. मोठ्यांना पायताण दाखवतात का? मोठं कोणी समोर दिसलं की जोडा खाली टाकायचा आणि आधी पाय धरायचे. घट्ट. बाकीचं मग."

"बरोबर आहे," येसबा म्हणाला. त्यानं राणीचे पाय धरले. सोडवायला चार शिपाई लागले.

शिंग कमरेला खोचून तो परत निघाला. वाटेत दलदल होती. तिथं ढगबगळे उभे असतात. त्यांचे पाय ताडाएवढे आणि डोकी ढगात. शहाणी माणसं दलदलीला वळसा घालतात.

येसबानं वर बघितलं. "बापरे. केवढे मोठे!"

जोडा खाली टाकला आणि एका बगळ्याचे पाय धरले. घट्ट.

बगळ्यानं मान खाली आणली. "कोण रे?"

"येसबा."

"सोड पाय."

"घट्ट धरायचे असतात."

"मला उडायचंय."

"तुम्ही उडा ना. मी कुठं अडवलंय?"

बगळा उडाला. येसबा खाली लोंबत होता. बगळ्यानं पाय झटकले, गिरक्या घेतल्या, एकदा उलटा होऊन उडाला. येसबा सुटला नाही. खाली आरसनगर गेलं. लोक नव्या भिंती बांधत होते, त्यांनी वर बघितलं आणि बोटं तोंडावर ठेवली. मग धुक्याचं रान गेलं. मग शेवटवाडी आली, आणि अंगणात गोजराबाई दिसली.

आई दिसली तर नमस्कार करायला हवा. येसबानं दोन्ही हात जोडले.

तो गवताच्या गंजीत पडला. बगळा दमून अंगणात उतरला, धापा टाकल्या, येसबाकडे एकदा रागानं बघितलं आणि उडून गेला.

गोजराबाईनं आधी शिंग बघितलं. मग मुलाचे हातपाय चाचपले. सगळे होते. मग तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"अरे, एवढ्या लांबून त्या पाखरानं तुला आणून सोडलं! आणि तू नुसता बघत राहिलास? पाणी तरी विचारलंस? दारातून कोणी माघारी निघालं तर असं जाऊ देतात का? धावत जावं, वाट अडवावी, म्हणावं, असं कसं, बसा, जेवून जा! हेच शिकवलं का मी?"

"चुकलं आई."

"जा आता. शिंग फुंक आधी. तो बघ कुठं आलाय."

ढोण्या गावाच्या वेशीवर आला होता. भर दुपारी अंधार पडला होता. कोंबड्या झोपल्या होत्या. सगळं गाव, पोराबाळांसकट, म्हशीसकट, माळावर येऊन उभं होतं. घरात थांबायची कोणाची हिंमत नव्हती.

डोंगरानं एक पाय उचलला. तो खाली येणार तो येसबाच्याच घरावर.

येसबानं शिंग तोंडाला लावलं आणि फुंकलं.

काय तो आवाज! डोंगरावरची माकडं पानांसारखी गळाली. म्हशीनं दावं तोडलं. ढोण्या शहारला. त्याचा पाय हवेतच थांबला. मग त्यानं तो हळूच मागं ठेवला, कण्हत कुथत पाठ फिरवली, आणि चालू लागला.

ऊन पडलं. कोंबडे आरवले.

लोक नाचायला लागले. पाटलांना रडू आलं. त्यांनी स्वतःची पगडी काढून येसबाच्या डोक्यावर ठेवली. "गड्या, तुला मी म्हशीच्या खालचा धरला होता. चुकलो." गोजराबाईनं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून घेतलं. कोणी सुटलं नाही.

येसबा मात्र तिकडं बघत नव्हता. तो डोंगराच्या पाठीकडे बघत होता. पाहुणा दारातून माघारी चालला होता. पाणीसुद्धा न पिता. आणि सगळं गाव खुशाल हसत होतं.

तो धावला. पगडी धरून धावला. डोंगराला वळसा घालून पुढं गेला, वाट अडवली आणि दोन्ही हात पसरले.

"असं कसं! बसा! जेवून जा!"

ढोण्या थांबला.

जगाच्या सुरुवातीपासून तो चालत होता. गावोगाव गेला होता. शिंगं ऐकली होती, ढोल ऐकले होते, शिव्या ऐकल्या होत्या. बसा कोणी म्हटलं नव्हतं. त्याच्या कड्यावरून एक झरा फुटला. नवाच.

"खरंच म्हणतोस?" डोंगरानं विचारलं. त्याचा आवाज जमिनीतून आला.

"म्हणजे काय! आईनं सांगितलंय."

"नको!" पाटील लांबून ओरडले. "त्यांना घाई आहे!"

"घाई कसली," ढोण्या म्हणाला. "एवढा आग्रह चाललाय तर बसतो." तो परत आला, जागा बघितली आणि बसला. माणसं माळावर होती म्हणून वाचली. घरं गावातच होती.

धूळ खाली बसायला वेळ लागला. मग सगळ्यांना दिसलं. शेवटवाडी नव्हती. डोंगर होता, आणि तो मांडी घालून नीट बसला होता.

पाटील मटकन खाली बसले. गोजराबाईनं कपाळाला हात लावला.

"सावकाश होऊ द्या स्वयंपाक," ढोण्या म्हणाला. "मी बसलोय. आता उठत नाही. माझे धाकटे भाऊ तेवढे पलीकडे थांबलेत, नदीच्या अंगाला. लाजाळू आहेत. कोणी बोलावायला गेल्याशिवाय येत नाहीत."

गोजराबाई झटकन मुलाकडे वळली.

तो जागेवर नव्हता. नदीकडच्या वाटेवर पाटलांची पगडी उड्या मारत चालली होती.