चांगुणेची दोन तोंडांची होडी

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रावर इंजिनाचा आवाज कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा, कातळबंदरात चांगुणा नावाची कोळीण राहायची. ती गावाची शिडं शिवायची आणि सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. बंदराचं तोंड दोन खडकांमध्ये इतकं अरुंद, की समोरून वारा आला तर होडी वळवत वळवत आत आणायला जागाच नसे. मग होड्या बाहेर ताटकळत. चांगुणा म्हणे, पण वळायचंच कशाला? वाळूतला खेकडा तोंड न फिरवता इकडून तिकडे पळतोच की.

तिनं नवऱ्याच्या, लखमाच्या, मागे लागून एक होडी करवून घेतली. दोन्ही टोकं सारखी. एका अंगाला उलांडी, म्हणजे दांड्यांना बांधलेला तरता ओंडका, तो कायम वाऱ्याकडे. शीड दोन बांबूंमध्ये ताणलेलं, थेट खेकड्याची नांगी. दिशा बदलायची झाली की होडी वळवायची नाही. शीड आणि सुकाणू उचलून दुसऱ्या टोकाला न्यायचं, की मागचं पुढं झालं. वारा पाठीमागून आला तर ती बावळटासारखी डुलायची. पण तिरपा लागला, की तिची सावली मागून धापा टाकत यायची, असं म्हणतात.

खाडीत खेळवली तोवर ठीक होतं. समुद्रावर न्यायची तर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लागायला हवं. गावचा म्हातारा जानू तांडेल, होड्यांचा म्होरक्या, म्हणाला, "हिची नाळ कंची नि पाठ कंची? कुंकू लावू कुठं?" बिनकुंकवाची होडी दर्यात जात नसे. ती वाळूतच पडून राहिली. चांगुणेला ते फार लागलं.

त्याच वर्षी आश्विनात एका दुपारी जमिनीकडून वादळी वारा सुटला. आत येताना जानूची होडी बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून फुटली. आत नऊ माणसं, त्यांत लखमा. मदतीला गेलेली होडी त्या वाऱ्यात परत येणं शक्य नव्हतं. चांगुणेनं आपली होडी पाण्यात लोटली. करंडा आणायला वेळ नव्हता, म्हणून स्वतःच्या कपाळाचं कुंकू निपटून तिनं दोन्ही टोकांना लावलं.

किनाऱ्यावरच्या बाया ओरडल्या. "अगो, धनी पान्यात नि कपाळ पुसतंस?"

"पुसलं नाय," चांगुणा म्हणाली, "वाटून दिलं."

तिनं तीन खेपा केल्या, खेपेला तिघं. होडी एकदाही वळली नाही. खडकच जरा बाजूला सरकले, असंही म्हणतात. शेवटच्या खेपेला लखमा चढला, पण खडकावर कमरेइतक्या पाण्यात उभा जानू तांडेल अडून राहिला. "कंच्या बाजूनं चढू?"

"कंच्याबी चढा, बाबा. दोनी बाजूंना कुंकू हाय."

तशी होडी आता कुणी बांधत नाही. ती एवढी कशी पळायची, यावर सुतार अजून वाद घालतात. पण कातळबंदरात नवी होडी पाण्यात उतरते, अगदी इंजिनाचीसुद्धा, तेव्हा तांडेलाची बायको आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेते. आधी नाळेला लावते, मग मागे जाऊन पाठीला. परका माणूस विचारतो, मागे कशाला? बाया सांगतात, "फुडलं जायाचं, मागलं यायाचं. ते चांगुणाबायचं."