अखंड हिरवी रेघ

एकदा एक शिष्या मोठ्या पेचात सापडली आणि तिने आपल्या वृद्ध गुरूंना कचेरीत बोलावून घेतले. एका शहराच्या रुग्णवाहिका सेवेचे संगणक तिच्या देखरेखीखाली होते. ती विद्या तिने याच गुरूंच्या हाताखाली संपादन केली होती. विद्येचा ताठा मात्र तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवला होता.

सेवेचे प्रत्येक काम एकेका कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्या सामानसुमानासह बंद केलेल्या एकेका डब्यात चाले. त्यातला एक डबा फोनवर आलेला पत्ता घेई आणि जवळच्या गाडीच्या चालकाकडे धाडी. या सगळ्या डब्यांवर शिष्येने पहारा बसवला होता. हा पहारेकरी ठरावीक वेळाने प्रत्येकाला विचारी, ‘आहेस का?’ ‘आहे’ असे उत्तर आले, की पडद्यावरची हिरवी रेघ पुढे सरके. ती रेघ कधी तुटलीच नव्हती. सेवेचे मालक पाहुण्यांना मुद्दाम तो पडदा दाखवायला आणत.

आज बाहेरच्या बाकावर मिसाळ नावाचे गृहस्थ बसले होते. काही आठवड्यांपूर्वी त्यांची पत्नी गाडीची वाट पाहता पाहता घरातच वारली होती. फोन लागला, पत्ता घेतला, ‘गाडी निघते’ असे सांगितले आणि गाडी आलीच नाही, असे त्यांचे म्हणणे. पुन्हा फोन केला तर पहिल्याचा मागमूस नाही. परत नावापासून सुरुवात. मालकांनी शिष्येला फर्मावले होते, “आपली यंत्रणा चालू होती, तुम्ही फोन केलाच नाही, असं सांग आणि मोकळी हो.” रेघही तेच सांगत होती. तरी तिची जीभ उचलत नव्हती.

“सगळं नीट सांग,” गुरू म्हणाले.

पडद्याकडे बघत ती सांगू लागली. निम्म्यावर आली तोच गुरू उठून बाहेर गेले, आणि तिने मान वर करेपर्यंत परत येऊन खुर्चीत बसले.

“कोण गं तू? काय काम काढलंस?”

म्हातारपण, असे मनाशी म्हणत तिने पहिल्यापासून सुरुवात केली. गुरू पुन्हा उठून गेले, पुन्हा येऊन बसले आणि पुन्हा तेच विचारू लागले. तिसऱ्या वेळी मात्र तिचा तोल सुटला.

“सर, ही थट्टेची वेळ आहे का? माणूस गेलंय इथे! मी अर्ध्यावर येते आणि तुम्ही उठून जाता. परत येता ते कोरी पाटी घेऊन!”

“तू मान वर केलीस तेव्हा मी खुर्चीत होतो की नव्हतो?”

“होतात. पण उपयोग काय? माझं बोलणं गेलं ना वाया!”

एवढे बोलून गेली आणि तिची नजर पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे वळली.

गुरू शांतपणे म्हणाले, “पोरी, डबा बंद पडला की यंत्र लगेच त्याच जागी नवा उभा करतं. ती सोय तूच केलीस, आणि चांगलीच केलीस. पण तुझा पहारेकरी विचारायला येतो तोवर जुना मेलेला असतो आणि नवा हजर असतो. नवा म्हणतो, ‘आहे.’ त्यात खोटं काहीच नाही. जुन्याच्या हातातला पत्ता मात्र त्याच्याबरोबर गेला. ‘आहेस का’ हे तू पुष्कळ विचारलंस. आता ‘कधीपासून आहेस’ ते विचार.”

तिने विचारले. वर्षभर अखंड चाललाय असे ती समजत होती तो पत्ता घेणारा डबा आजच सकाळी चहाच्या सुमारास जन्मलेला निघाला. मग तिने मिसाळांनी फोन केला त्या दिवसाच्या नोंदी उकरल्या. त्या दुपारी फोनांची झुंबड उडाली होती, डब्याला नेमून दिलेली मेमरी पुरत नव्हती, आणि तो सारखा मरत होता, सारखा उभा राहत होता. रेघ हिरवीगार! आणखी किती घरांतली माणसे त्या दुपारी दाराकडे डोळे लावून बसली असतील, हे मोजायला ती धजेना.

“सर, मालकांना काय सांगू?”

“मालकांचं नंतर बघू. आधी बाहेर बसलेत त्यांना सांग.”

ती बाहेर आली. “काका, तुमचा फोन आला होता. पत्ताही मिळाला होता. तो आमच्याकडून हरवला. चूक माझी आहे.”

शिव्या खायची तिने मनाची तयारी केली होती.

“ताई, हे माझ्या मुलासमोर बोलाल का?” मिसाळ म्हणाले. “आईच्या दहाव्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. मीच फोन करायला उशीर केला, असं त्याच्या मनानं घेतलंय.”

त्या घरात हे एकदा बोलले, की नोकरीवर पाणी सोडावे लागणार, हे तिला कळत होते.

“बोलेन. आत्ताच चला.”

मिसाळ उठले. जिन्याशी थांबून जरा संकोचाने म्हणाले, “पोरगा तापट आहे हो. त्याच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं तर मनावर घेऊ नका.”

“बोलू दे त्याला,” शिष्या म्हणाली.