मगदूमबाईंनी बजावलंय

“…मग तरी लोक तुमचंच का ऐकतात?”

निनाद आवटीनं विचारलं खरं, पण प्रश्न तोंडातून निघाल्यावर त्याचा त्यालाच तो उद्धट वाटला.

समोर कुसुमताई मगदूम बसल्या होत्या. सांगलीत पैशाच्या नियोजनाचा सल्ला देण्यात त्यांचा जन्म गेला होता. दर रविवारी वर्तमानपत्रात त्यांचा स्तंभ येई आणि दर बुधवारी सकाळी रेडिओवर त्या श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत. आज रेडिओ केंद्रानं त्यांच्या जोडीला पुण्याहून निनादला बोलावलं होतं. तोही त्याच व्यवसायातला. हुशार, अभ्यासू, आणि फोनच्या पडद्यावर लाखभर लोकांना ओळखीचा.

“राग मानू नका,” तो म्हणाला. “पण तुम्ही सांगता तेच मीही सांगतो. अडीनडीचे पैसे वेगळे ठेवा, विमा घ्या, लवकर सुरुवात करा. माझ्याकडं आकडे ताजे असतात. आलेख असतात. तरी बाबा निवृत्त झाले तेव्हा माझ्या आईनं माझं ऐकलं नाही. तुमचा लेख कापून कपाटाच्या दाराला चिकटवला. आतल्या बाजूनं. मी बघू नये म्हणून.”

कुसुमताईंना हसू आलं. त्यांनी ते पदराआड लपवलं.

“आईंना नमस्कार सांगा,” त्या म्हणाल्या. “चला, दिवा लागेल आता.”

प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. काचेपलीकडून शिकलगारांनी, म्हणजे ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, बोट उंचावलं. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत होता.

निनाद त्या दिवशी फार छान बोलला. एका शिक्षकाला त्यानं निवृत्तीवेतनाचा गुंता दोन वाक्यांत सोडवून दिला. मिरजेच्या एका रिक्षावाल्याला व्याजावर व्याज कसं चढतं ते अशा गमतीनं समजावलं, की शिकलगारही काचेआड मान डोलावू लागले. कुसुमताई कौतुकानं ऐकत होत्या. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

मग एका बाईंचा फोन आला.

“नमस्कार. तासगाव भागातनं बोलते. नाव नको सांगायला…”

“नका सांगू. बोला,” कुसुमताई म्हणाल्या.

“माझे मालक वारले. दिवाळीनंतर. त्यांच्या विम्याचे पैसे आलेत. ते धंद्यात घातले तर चालतील का? घरचाच धंदा आहे. द्राक्षबागेवर फवारायच्या औषधांचं दुकान.”

निनाद पुढं सरसावला. असल्या प्रश्नाचं उत्तर त्याला पाठ होतं.

“ताई, सगळे पैसे एकाच ठिकाणी कधीच घालू नका. मुलं असतील तर आधी त्यांच्या शिक्षणाचा हिस्सा बाजूला काढा. काही रकमेतून दरमहा उत्पन्न येईल असं बघा. त्यातूनही उरलं, तरच धंदा. समजलं?”

“हो… समजलं.”

उत्तर अचूक होतं. निनादनं पुढचा फोन जोडण्याची खूण केली.

कुसुमताईंनी हात वर केला. तळवा काचेकडं. थांबा.

बाईंनी फोन ठेवला नव्हता.

रेडिओवर नुसती शांतता म्हणजे अपराध. शिकलगारांचा हात गाण्याच्या बटणाकडं गेला. कुसुमताईंनी मान हलवून त्यांना अडवलं.

…

निनादच्या कानांवर हेडफोन होते. त्यात आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग कुकरची शिट्टी. आणि मग लांबून, दबक्या आवाजात, पुरुषाचा स्वर…

“घरच्या धंद्यात चालतं का म्हणून विचार की परत. नीट विचार.”

आपण कुणाला उत्तर देत होतो, ते निनादला आत्ता कळलं.

कुसुमताईंचा आवाज एकदम बदलला. एरवी मवाळ बोलणारी बाई शाळेतल्या कडक मास्तरणीसारखी बोलू लागली.

“बाई, नीट ऐका. घरात बाकी कुणी ऐकत असेल त्यांनीही ऐका. पैसे बँकेत, तुमच्या एकटीच्या नावावर. वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरानं वर्षाच्या आत मोठा व्यवहार करू नये. दुकानात नाही, जमिनीत नाही, सोन्यात नाही.”

“पण… कुणी मागितले तर?”

“तर सांगायचं, मगदूमबाईंनी बजावलंय. माझ्या मनात द्यायचे होते, पण रेडिओवरच्या त्या बाईनं अडवलं, असं सांगा. खुशाल माझ्या नावानं बोटं मोडा. आणि ज्याला राग येईल, त्यानं माझ्याकडं यावं. पत्ता देते, लिहून घ्या.”

आणि साऱ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असा त्यांनी आपल्या कचेरीचा पत्ता दोनदा सांगितला.

“बरं,” बाई म्हणाल्या.

मघाच्या ‘समजलं’पेक्षा हे ‘बरं’ वेगळं होतं.

निनाद त्या दिवशी पुण्याला गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो त्या पत्त्यावर जाऊन उभा राहिला.

“शिकायला आलोय,” म्हणाला.

“बस,” कुसुमताई म्हणाल्या. “तासगावचे पाहुणेही येतील.”

पाहुणे दुपारी आले. त्या बाईंचे दीर. रापलेला, दमलेला माणूस. आला तो ओरडतच.

“आमच्या घरच्या भानगडीत पडणाऱ्या तुम्ही कोण?”

“कुणी नाही. बसा.”

“वहिनी आधी हो म्हणत होत्या. आता म्हणतात, बाईंनी बजावलंय! काहीही विचारा, एकच उत्तर. तुम्ही घर फोडताय.”

“दुकान बरंच अडचणीत आहे का हो?”

दीर खुर्चीत टेकले.

“…बुडायला आलंय,” ते म्हणाले.

“वाटलंच मला. म्हणून तर नको म्हणाले.”

त्यांनी दिरांसाठी चहा मागवला. दुकान कसं सावरता येईल यावर तासभर त्यांच्याशी बोलल्या, एक पैसा न घेता. ते चहा प्यायले, पण राग काही गेला नाही. जाताना उंबऱ्यावरून म्हणाले, “तुमचं नाव तालुक्यात राहू देत नाही. बघाच.”

आणि तसंच झालं. दिरांचा शब्द तालुक्यातल्या दुकानदारांत चालत होता. मगदूमबाई घरं फोडते, अशी बोलवा उठली. व्यापाऱ्यांच्या संघटनेनं त्यांची ठरलेली व्याख्यानं रद्द केली. कुणीतरी संपादकाकडं तक्रारही केली, आणि काही आठवडे रविवारच्या पानावर त्यांचा स्तंभ दिसला नाही.

कुसुमताईंनी खुलासा केला नाही. निनादनं आपल्या लाखभर लोकांपुढं खरी हकीकत मांडायची तयारी केली, तेव्हा त्यांनी त्याला हात जोडले.

“ती बाई त्याच घरात राहते, बाबा.”

निनादनं लिहिलेलं पुसून टाकलं. पण त्याच्या जिवाची तगमग होत राहिली. दर आठवड्याला तो पुण्याहून येई आणि त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसे. त्याचं बोलणं कमी झालं होतं. त्याच्या पडद्यावरही आता तो अधूनमधून म्हणू लागला, “याचं उत्तर मला तुमच्याशी बोलल्याशिवाय देता येणार नाही.” काही लोक सोडून गेले. जे राहिले, ते त्याला फोन करू लागले.

वर्ष उलटलं.

एका सकाळी कचेरीत एक बाई आल्या. पिशवीत काळी द्राक्षं होती. “बाई, मी आले,” म्हणत पाया पडायला वाकल्या, तशा कुसुमताई मागं सरकल्या.

“आवाज ओळखला,” त्या म्हणाल्या. “पैसे?”

“जागच्या जागी आहेत. थोरली नर्सिंगला गेली, तिच्यापुरते काढले. सही माझी.” बाई जरा थांबल्या. “भावजींनी दुकान आवरतं घेतलं. आता दुसऱ्याच्या दुकानात हिशेब बघतात. परवा म्हणाले, वहिनी, बागेचं काय करूया, तुमचं काय मत?… मला आजवर कुणी विचारलं नव्हतं हो.”

“माझ्याबद्दल काय म्हणतात?”

बाई ओशाळल्या.

“अजून शिव्या देतात.”

“खूप?”

“…खूप.”

“छान,” कुसुमताई म्हणाल्या, आणि मनापासून हसल्या.

बाई गेल्या. निनाद दारापर्यंत पोचवून आला, तो डोळे पुसतच. खुर्चीत बसला. पुन्हा उठला. त्याला राहवेना.

“ताई, एकदा तरी खरं सांगू द्या लोकांना. सगळं आयुष्य घालवून कमावलेलं नाव तुमचं. एका फोनसाठी, नावही माहीत नसलेल्या बाईसाठी, अख्ख्या तालुक्यात घालवलंत…”

कुसुमताईंनी द्राक्षांचा घड धुतला. अर्धा त्याच्यापुढं ठेवला.

“निनाद,” त्या म्हणाल्या, “कमावलेलं सगळं साठवूनच ठेवायचं असतं, हे तुला कुणी शिकवलं?”