बुवांच्या गोळ्यांचा प्रसाद

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो. मला सांगणारा होता, आणि तो खोटं बोलतो ते फक्त स्वतःच्या वयाबद्दल.

"बुवा, किती बोटं दिसतात?"

"बोटं?" तातोबुवा हसले. "हात आहे का समोर?"

हेरंब परुळेकरने हात खाली घेतला.

हेरंब डोळ्यांचा डॉक्टर, आणि पंधरा वर्षं बुवांचा शिष्य. शुगरमुळं बुवांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या सुजून गळायला लागल्या होत्या. माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी ही सूज उतरते का, याची हेरंब तेव्हा चाचणी करत होता. त्यात त्याने बुवांनाही घेतलं. रोज दोन गोळ्या, सहा महिने. बुवांच्या मठातून दर महिन्याला रिकामी डबी यायची. हेरंब ती हलवून बघायचा आणि कागदावर लिहायचा, 'गोळ्या घेतल्या.'

मग एका डोळ्यात रक्त उतरलं. मग दुसऱ्यात.

"गोळीचा उपयोग नाही झाला, बुवा. तसं लिहून टाकलं मी."

"कुठली गोळी रे?"

"ती पिवळी... तेलाची."

"ती होय! चांगली होती म्हणतात."

"म्हणतात?"

"माझ्यापुढं ठेवलेलं मी एकट्यानं कधी खाल्लंय का, हेरंबा? गुरुवारी भजन झालं की वाटायचो. डबी संपेपर्यंत."

...

ओसरीवर वाती वळत बसलेली गोदाक्का म्हणाली, "दर गुरुवारी अख्ख्या मठाला बांगड्याचे ढेकर, डॉक्टर. पण माझं बघा, सुईत दोरा आता एका फटक्यात जातो."

हेरंब बुवांकडे वळला.

"तूही घेतलीस की, हेरंबा," बुवा म्हणाले. "हात पुढं, डोळे मिटलेले."

"मला वाटलं... खडीसाखर मऊ झालीय."

"छान गिळायचास."

"बुवा, मला सांगायचं तरी!"

"पंधरा वर्षं माझ्या पंगतीला बसतोयस. मला वाटलं, तुला माहीत असेल."

...

"तुम्ही घेतली असती तर कदाचित..." हेरंब म्हणाला. "कदाचित नसताही झाला उपयोग. आता कळायचंच नाही."

"नाही ना."

गोदाक्काने वाती खाली ठेवल्या.

"माझं चुकलं, बुवा. डबी हलवली, तुम्हाला विचारलं नाही. काय करू सांगा."

बुवांनी हात पुढं केला. "दक्षिणा."

हेरंबने खिशात हात घातला.

"ते नको. चष्मा काढ."

त्याने जाड भिंगांचा चष्मा काढून बुवांच्या तळहातावर ठेवला. समोरचे बुवा एक पांढरा डाग झाले. दार कुठं गेलं, कळेना.

"बुवा... घरी कसा जाऊ मी?"

बुवांनी चष्म्याची घडी केली. चाचपडत उशी शोधली आणि तिच्याखाली तो सरकवला.

"विचारत विचारत जा."